हायकेची राहिलेली दहा मिनिटं

चैत्राली मूळची सांगलीची आणि खो-खोची खेळाडू. या दोन्ही गोष्टी ब्रॅकनेलमध्ये कुणाला सांगून उपयोग नव्हता, म्हणून तिने सांगणंच सोडून दिलं होतं. लग्न होऊन ती सुश्रुतबरोबर इंग्लंडला आली, तेव्हा मराठी मंडळाच्या पहिल्याच कार्यक्रमात एका काकूंनी तिला कोपऱ्यात गाठलं होतं.

“आणि तू काय करतेस गं?”

“मी जिल्ह्याकडून खो-खो खेळायचे.”

“ते ठीक आहे गं. पण करतेस काय?”

चैत्रालीने हसून काकूंच्या ताटलीत अजून एक अळूवडी वाढली आणि विषय संपवला.

सुश्रुत सकाळी लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून ऑफिसला जायचा, तो अंधार पडल्यावरच उगवायचा. माणूस सज्जन, बायकोवर जीव असलेला, पण क्रिकेट सोडून जगात दुसरा खेळ आहे हे त्याला मान्य नव्हतं. मधला सगळा दिवस चैत्रालीचा. दोन खोल्यांचं घर आवरायला असं कितीसं लागतं! मग ती पायी भटकायला निघायची. राउंडअबाउटांच्या त्या गावात चालणारी माणसं कमी, त्यामुळे फिरायला आणलेली कुत्रीसुद्धा आता तिला ओळखायला लागली होती. खो-खोत गडी रांगेत उकिडवे बसतात आणि मागून कुणी पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हणेपर्यंत त्यांना उठता येत नाही. चैत्रालीला वाटायचं, आपण वर्षभर तशाच बसून आहोत आणि खो देणारा गडी मैदान सोडून घरी निघून गेलाय.

२००६ च्या सप्टेंबरातली गोष्ट. कौन्सिलच्या मैदानाच्या कडेने ती चालली होती आणि ठप्प, ठप्प असा आवाज कानावर आला. चेंजिंग रूमच्या भिंतीवर एक बाई फुटबॉल मारत होती. चाळिशीची, करडे केस पोरासारखे बारीक कापलेले, डाव्या गुडघ्याला जाड काळा पट्टा. बॉल भिंतीवर आपटायचा आणि परत तिच्या पायापाशी यायचा. नुसता यायचा नाही, येऊन गप्प बसायचा. मग दुसऱ्या पायाने ठप्प, की पुन्हा तेच. चैत्राली कुंपणाला टेकून उभी राहिली. आत्ता चुकेल, मग चुकेल, म्हणून वाट बघत राहिली. भुरभुर पाऊस सुरू झाला, तरी बाई चुकेना. पंक्तीला वाढणारी जाणती बाई न बघता पानात बरोबर जागेवर चटणी वाढते, तसं ते चाललं होतं. चैत्रालीने चांगले खेळाडू कमी पाहिले नव्हते. पण कुणी बघत नसताना, कुणासाठी नसताना, एवढं नेमकं खेळणारं माणूस तिने पहिल्यांदाच पाहिलं. तिच्या अंगावर काटा आला.

बाईने मान न वळवता विचारलं, “तुला पळता येतं?”

“हो,” चैत्राली म्हणाली. तिला वाटलं, सांगली सोडल्यापासून आपल्याला कुणीतरी पहिल्यांदाच योग्य प्रश्न विचारला.

“मग गुरुवारी संध्याकाळी ये. आमच्याकडे पळणाऱ्या बायका कमी आहेत आणि बोलणाऱ्या जास्त.”

ही हायके फोगेल. मूळची जर्मन. दिवसा ती एका लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या बनवायची आणि गावातल्या हौशी लेडीज टीममध्ये बचावाच्या मधोमध खेळायची. मॅचआधी समोरच्या पोरींना ती गंभीर चेहऱ्याने सांगायची, “दात सांभाळा बरं. मला सुट्टीच्या दिवशी काम नको आहे.” त्या बिचाऱ्या हसावं की घाबरावं या विचारात असतानाच हायकेने त्यांच्या पायातून बॉल काढून नेलेला असायचा.

त्या दोघी बोलायच्या इंग्रजीतूनच. एकीचं इंग्रजी जर्मन वळणाचं, दुसरीचं सांगलीच्या शाळेतलं. पण दोघींचं एकमेकींना जेवढं कळायचं, तेवढं गावातल्या इंग्रजांचंही कळत नसे.

पहिल्याच सरावात चैत्रालीवर मान खाली घालायची वेळ आली. पळायला ती वाऱ्यासारखी, त्यात वाद नाही. पण तिने बॉल पुढच्या पोरीला दिला आणि जागच्या जागी उकिडवी बसली! खो दिला की गडी त्या जागी बसतो, ते अंगात मुरलेलं होतं. सगळ्या बायका थांबून बघायला लागल्या. एकीला वाटलं हिला चक्कर आली, ती पाणी घेऊन धावली. चैत्रालीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

बसण्याची खोड लवकर गेली, पण दुसरी काही जाईना. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत वळायचं नाही, मागे तर नाहीच नाही. वळला की फाउल. चैत्राली आठवीपासून हे करत आली होती. पहिल्या मॅचमध्ये तिला उजव्या कडेने बॉल मिळाला आणि ती जी सुटली, ती सुटलीच. गोलपोस्ट डावीकडे राहिला, मधे उभ्या असलेल्या पोरी हात वर करून ओरडत राहिल्या, आणि ही रेषा ओलांडून थेट कुंपणापर्यंत गेली. तिथे बाकावर बसलेल्या आजोबांनी पाय वर घेतले म्हणून वाचले.

आपल्या गोलमधून नीना ओरडत होती, “चैत्राली! तू कुठे चालला? टर्न कर ना! वळ!”

ही नीना टीमची गोलकीपर. जन्म इथलाच, आईवडील ठाण्याचे. मराठी बोलायची हौस दांडगी, पण तिच्या मराठीत बाईचा पुरुष आणि पुरुषाची बाई कधी होईल याचा नेम नसे. मॅच संपल्यावर ती चैत्रालीजवळ येऊन म्हणाली, “यू नो, तू खूप फास्ट आहेस. पण तू थांबतच नाही. माझा आई पण असाच आहे, शॉपिंगमध्ये.”

सगळ्या खळखळून हसल्या. हायके हसली नाही. तिने चैत्रालीला विचारलं, “तू वळली का नाहीस?”

चैत्रालीने तिला खो-खो समजावला. बुटाच्या टोकाने चिखलात रांग काढून दाखवली, दोन खांब दाखवले. हायके गुडघ्यावर हात ठेवून, वाकून, एखाद्याचा जबडा तपासावा तशी ती चिखलातली आकृती बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे एकदा निघालीस की तू कुठे जाणार हे मला आधीच माहीत असतं.”

“हो.”

“मग वळू नकोस. बाकीच्यांना बॉल पाठवताना मला अंदाज बांधावा लागतो. तुझ्या बाबतीत बांधायला नको. तू कोपऱ्याकडे निघ, बॉल तुझ्याआधी तिथे असेल.”

आणि तो असायचा! चैत्रालीला हे कधीच नीटसं समजलं नाही. ती मान खाली घालून कोपऱ्याच्या झेंड्याकडे सुटायची, आणि मागून, अर्धं मैदान ओलांडून, डोक्यावरून बॉल यायचा आणि तिच्या पुढच्या पावलापाशी अलगद उतरायचा. मागे वळून बघावं लागायचं नाही. तिथून फक्त मधे मारायचा, पुढचं बाकीच्या बघून घ्यायच्या. प्रत्येक वेळी तिच्या मनात यायचं: चाळिशी उलटलेली, एक गुडघा गेलेली बाई हे करते, तर विशीत ही काय असेल?

विशीत ती काय होती, हे चैत्रालीला हिवाळ्यात कळलं. एका रविवारी मॅच धुक्यामुळे रद्द झाली, तेव्हा हायकेने तिला आपल्या फ्लॅटवर सूप प्यायला नेलं. सूप ज्या खोलगट बशांमधून आलं, त्यांना निळ्या फुलांची किनार होती.

“ही माझी ट्रॉफी,” हायके म्हणाली. “जिल्ह्याचा कप जिंकलो तेव्हाची. पुरुषांना चांदीचा कप आणि पाकीट मिळालं. आम्हाला प्रत्येकी सहा सूपच्या बशा. एक फुटली, पाच आहेत.”

चैत्रालीने बशी दोन्ही हातांनी धरली. खो-खोत तिला स्टीलचा डबा मिळाला होता, तो आईने सांगलीत साखरेला वापरायला काढला होता. ते तिने हायकेला सांगितलं, तर हायके इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला.

मग तिने सगळं सांगितलं. कोळशाच्या खाणींच्या मुलुखातलं गाव, वडील खाणीत, तीन भाऊ. ती तान्ही होती तेव्हा त्यांच्या देशात बायकांच्या फुटबॉलला फेडरेशनची बंदीच होती. बंदी उठली तेव्हा ती पाच वर्षांची, पण ती उठल्याचं तिला कुणी सांगितलं नाही आणि असल्याचंही कुणी सांगितलं नव्हतं. वाळत घातलेल्या चादरींच्या मधून ती भावांबरोबर खेळायची. सोळाव्या वर्षी गावच्या बायकांच्या टीममध्ये गेली. दिवसा दातांच्या लॅबमध्ये शिकाऊ, संध्याकाळी सराव, रविवारी मॅच. बसभाडं आपलं आपण, जर्सी घरी धुवायची. अशी तिने बारा वर्षं काढली.

“वडील बघायला यायचे?” चैत्रालीने विचारलं.

“एकदाच आले.”

वडिलांना ते आवडत नव्हतं असं नाही. त्यांना भीती वाटायची. खाणीत उतरणारा माणूस. सकाळी खाली जाताना ते एकच वाक्य बोलायचे, सोबत्यांशी आणि घरात पोरांशीही: चालत बाहेर ये, बाकी काही नको. पोरं परीक्षेला निघाली तरी तेच. त्यांनी आपल्या सोबत्यांना खाणीतून आडवं बाहेर येताना पाहिलं होतं. टीम कपच्या फायनलला पोचली तेव्हा हायकेने त्यांना हट्टाने आणलं. ते रविवारचा कोट घालून पहिल्या रांगेत बसले. मॅच सुंदर चालली होती. शेवटची दहा मिनिटं राहिली असताना हायकेचा डावा पाय गवतात अडकला, अंग वळलं, गुडघा तिथेच राहिला. तिला स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. आणि नेलं ते नेमकं वडिलांच्या समोरून.

“त्यांनी टोपी काढली,” हायके म्हणाली. “खाणीत कुणी आडवं बाहेर आलं की काढतात, तशी. मी जिवंत होते, चैत्राली. नुसता गुडघा होता. पण त्यांचा हात आपोआप वर गेला. नंतर ते कधी मैदानावर आले नाहीत आणि मी कधी खेळले नाही. ते गेले त्यालाही बरीच वर्षं झाली.”

चैत्रालीच्या बशीतलं सूप गार झालं होतं.

“मग पुन्हा का सुरू केलंस?”

“इथे टीमला माणूस कमी होतं. आणि ती दहा मिनिटं माझी राहिलीत ना! मी दर मॅचला अर्ध्यावर बाहेर येते, तुला माहीत आहे. डॉक्टर म्हणतात, गुडघा संपला, उन्हाळ्यात बदलायचा. त्याआधी एक मॅच मला पुरी खेळायची आहे. शिट्टी वाजेपर्यंत. आणि मग माझ्या पायांनी चालत बाहेर यायचं आहे.”

घरी आल्यावर चैत्रालीने हे सुश्रुतला सांगितलं. तो टीव्हीवर रिपीट हायलाइट्स बघत होता. त्याने आवाज बंद केला, आणि हा माणूस आवाज बंद करतो म्हणजे काय हे त्याच्या बायकोलाच ठाऊक. मग म्हणाला, “लास्ट मॅच कधी आहे? मी येतो.”

त्या हिवाळ्यात मैदानाचा चिखल झाला होता आणि सरावाआधी अंग गरम होईना. चैत्रालीने सुचवलं, लंगडी खेळू. एक पाय वर उचलायचा, दुसऱ्यावर उड्या मारत बाकीच्यांना पकडायचं, आणि वरचा पाय जमिनीला टेकला की बाद. शाळेतल्या पोरींचा खेळ! बायकांना वाटलं हा काय पोरखेळ, आणि पाच मिनिटांत सगळ्या धापा टाकत चिखलात लोळल्या. एकटी हायके उरली. धड असलेल्या उजव्या पायावर ती बगळ्यासारखी उभी राहिली आणि मग टुणटुण उड्या मारत एकेकीला पकडत सुटली. तिला हा खेळ भलताच आवडला. दर गुरुवारी ती स्वतःच ओरडायची, “लांगडी!” आणि कुणाचा पाय टेकला की बोट रोखून म्हणायची, “बाद!” तिचं मराठी तेवढंच, पण ते ऐकायला रस्त्यावरची माणसं थांबायची. लॅबमध्ये कवळ्या घासताना मी एका पायावर उभी असते, असं तिने नीनाला सांगितलं. नीनाला ती चेष्टा वाटली. ती चेष्टा नव्हती.

एप्रिलचा शेवटचा रविवार उजाडला. ऊन असं पडलं होतं की इंग्लंडला स्वतःलाच पटत नसावं. रेडिंगकडची टीम आली होती. ती मॅच जिंकली काय आणि हरली काय, टेबलात कुणाचं काही वरखाली होणार नव्हतं. पण टीममधल्या प्रत्येकीला माहीत होतं की आज हायके अर्ध्यावर बाहेर येणार नाही. यायचं म्हटलं तरी सोय नव्हती. दोघीजणी मैत्रिणीच्या लग्नाआधीच्या हेन पार्टीला स्पेनला गेल्या होत्या आणि बदली खेळाडू एकही नव्हती. मोजून अकरा.

सुश्रुत डोक्यावर क्रिकेटची टोपी घालून, थर्मास आणि साबुदाण्याची खिचडी घेऊन आला, तर त्याच्या हातात झेंडा देण्यात आला. हौशी लीगमध्ये लाइन्समन घरचाच लागतो. नीनाने त्याला ऑफसाइड समजावायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, “ऑफसाइड मला येतं, कव्हर आणि पॉइंट.” नीनाने हात जोडले आणि रेफरीला बाजूला घेऊन सांगितलं की या माणसाच्या झेंड्याकडे फारसं लक्ष देऊ नका.

पहिल्या अर्ध्यात समोरच्यांनी एक गोल केला. मग हायकेने बॉल छातीवर घेतला, खाली सोडला आणि मान वर केली. चैत्रालीला तेवढं पुरे होतं. ती कोपऱ्याकडे सुटली, न वळता, न बघता. बॉल डोक्यावरून आला, पुढ्यात उतरला, तिने तो मधे मारला, आणि पुढच्या पोरीने नुसता पाय लावला. एक-एक. चैत्राली दोन्ही हात वर करून कुंपणापर्यंत पळत गेली. बाकावरचे आजोबा आता सरावले होते, त्यांनी पाय आधीच वर घेतले होते.

हाफटाइमला हायके बसली नाही. बसले तर उठणार नाही, म्हणाली. दुसऱ्या अर्ध्यात तिची चाल जड झाली, पण तिच्या बाजूने कुणी पुढे जाईल तर शपथ. ती पळतच नव्हती. बॉल जिथे येणार तिथे आधीच उभी असायची. समोरच्या टीममधली एक विशीची पोर सारखी तिच्यावर धावून यायची आणि रिकाम्या पायाने परत जायची. शेवटी ती पोर कौतुकाने हसायलाच लागली. चैत्राली लांबून बघत होती आणि तिला भरून येत होतं. असं खेळणारं माणूस आपल्या वाट्याला आलं, आपण त्याच्या बाजूने खेळलो, याहून मोठं बक्षीस कुठलं असतं?

आणि मग ते झालं. शेवटची दहा मिनिटं लागली होती. त्या पोरीच्या पायातला बॉल काढायला हायके वळली, अंग वळलं, गुडघा तिथेच राहिला. तो आवाज चैत्रालीने मैदानाच्या दुसऱ्या कडेला ऐकला.

ती धावत पोचली तेव्हा हायके पाठीवर पडली होती. दुखतं आहे असं तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ती एकटक चेंजिंग रूमकडे बघत होती. तिथून दोन माणसं घडीचं स्ट्रेचर घेऊन लगबगीने येत होती. चांगली माणसं, मदतीला येणारी. पण हायकेचा चेहरा पांढराफटक पडला होता.

रेफरी वाकून म्हणाला, “तुला बाहेर जायला हवं.” नीना रडायला लागली. चैत्रालीला इंग्रजी सुचेना. तिच्या तोंडून निघालं ते निव्वळ सांगलीचं, शाळेच्या मैदानावर ओरडायची तसं:

“हायके, ऊठ! लंगडी! लंगडी घाल!”

हायकेने तिच्याकडे पाहिलं. समजायला एक क्षण गेला. मग तिने चैत्रालीचा हात धरला, उजवा पाय खाली घेतला आणि उठून उभी राहिली. डावा पाय दुमडलेला, अधांतरी. हात सोडला. रेफरीला म्हणाली, “मी उभी आहे. आमच्याकडे बदली नाही. खेळ सुरू करा.”

रेफरी म्हातारा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग स्ट्रेचरकडे. त्याला त्यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण त्याने स्ट्रेचरवाल्यांना हाताने मागे फिरायला सांगितलं.

ती दहा मिनिटं हायके आपल्या गोलपोस्टपाशी एका पायावर उभी राहिली. बाकीच्या दहाजणी जिवाच्या आकांताने पळत होत्या. पळण्याची पैज असती तर चैत्राली त्या दिवशी कुणालाही हरली नसती. तरी शेवटी समोरच्यांना कॉर्नर मिळालाच. बॉल उंच आला, नीनाच्या हातावरून निसटला, आणि रिकाम्या गोलकडे निघाला.

हायके एका पायावरून उडाली. बेचाळिशीला आलेली बाई, एक पाय लोंबकळता, जागच्या जागी, कुठलीही धाव न घेता. तिचं कपाळ बॉलला लागलं आणि बॉल पार मैदानाबाहेर गेला. ती उतरली ती त्याच पायावर. डगमगली, दोन्ही हात पसरले, आणि सावरली. दुसरा पाय टेकला नाही. मग पहिल्यांदा टाळी वाजवली ती समोरच्या टीमच्या त्या विशीच्या पोरीने.

शिट्टी वाजली.

सगळ्या तिच्याकडे धावल्या. कुणी खांदा पुढे केला, कुणी कमरेला हात घातला. हायकेने सगळ्यांना दूर केलं. “नको. कुणी धरू नका.” आणि ती निघाली. कडेची रेषा लांब होती. एक उडी, श्वास, पुन्हा उडी. तिच्या पायाची पोटरी थरथरत होती, ओठ दातांखाली दाबलेला होता. चैत्राली तिच्या शेजारून चालली होती. मग तिला ते चालणं बरं वाटेना. तिने आपला डावा पाय उचलला आणि तीही लंगडी घालत निघाली. मग नीना. मग एकामागून एक सगळ्या, मातीने माखलेल्या, रडणाऱ्या, हसणाऱ्या अकरा बायका एका पायावर मैदान ओलांडत होत्या. सुश्रुत रेषेवर झेंडा घेऊन उभा होता. झेंडा कशाचीच खूण न करता नुसता वर धरलेला होता.

रेषा ओलांडल्यावर हायके थांबली. अजून एका पायावर. ती चैत्रालीकडे वळली आणि लहान पोरीसारखं विचारलं, “टेकला का?”

“नाही टेकला.”

“चालत नाही आले पण,” हायके म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “त्यांनी चालत ये म्हणून सांगितलं होतं.”

चैत्रालीने दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले.

“आडवी पण नाही आलीस.”

हायकेने सुश्रुतच्या डोक्यावरची टोपी काढली, आपल्या करड्या केसांवर घट्ट बसवली, आणि मगच खाली बसली.